पिकअपच्या इंजिन ऑईलमध्ये डिझेल उतरतंय? ठाणे-नवी मुंबईच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

तुर्भ्याचं मार्केट, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्या, वागळे इस्टेट, भिवंडीची गोदामं असा माल वाहणाऱ्या बीएस-६ (धुराचे नवे नियम पाळणाऱ्या) डिझेल पिकअपबद्दल एक गोष्ट सतत कानावर येते: गेज (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) काढलं की ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. "गाडी ऑईल खात नाही" म्हणून मालक आधी खूश होतो. त्या खुशीपायी चांगली इंजिनं उघडावी लागतात, म्हणून ही प्रश्नोत्तरं. स्वतःची गाडी स्वतः चालवणारे आणि दोन-चार गाड्या ड्रायव्हरच्या हाती देणारे मालक, दोघांसाठी.

कुणी टॉप-अप केलेलं नाही, तरी ऑईल वाढलं. आलं कुठून?

इंजिनात ऑईल तयार होत नाही. पातळी वाढली म्हणजे दुसरं काहीतरी चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं तिथे) उतरलं, किंवा सर्व्हिसच्या वेळीच जास्त ओतलं गेलं. जास्त ओतलं असेल तर पातळी पहिल्या दिवसापासून वर असते आणि तिथेच राहते. कूलंट उतरलं असेल तर ऑईल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं होतं आणि रेडिएटरच्या बाटलीतली पातळी घसरते. ऑईल काळंच आहे, पण आठवड्यागणिक थोडं थोडं वर चढतंय, पातळ लागतंय आणि डिझेलचा वास येतोय, तर ते डिझेल आहे. बीएस-६ पिकअपमध्ये आधी संशय डिझेलवरच घ्यावा.

जुन्या गाडीत हे कधी पाहिलं नव्हतं. नव्या गाडीतच का?

जुन्या गाडीतही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं इंजेक्टर) गळायला लागलं की डिझेल उतरायचं, पण तो बिघाड असायचा. नव्या गाडीत गाडी ठणठणीत असतानाही थोडं डिझेल उतरतं, कारण धूर स्वच्छ करण्याची तिची पद्धतच तशी आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक दर दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं आणि सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ बसला. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी बारीक छिद्रांची जाळी. जाळी भरली की ती जाळून मोकळी करावी लागते, त्यालाच गाडीवाले 'रिजन' म्हणतात. काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअसची धग लागते, आणि शहरात रांगणाऱ्या गाडीच्या धुरात एवढी उष्णता नसते.

मग इसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) एक युक्ती करतो. पिस्टन ताकदीचा धक्का खाऊन खाली गेला की त्याच नोझलमधून आणखी थोडं डिझेल सोडतो. ते सिलिंडरमध्ये जळण्यासाठी नसतंच. वाफ होऊन ते धुराबरोबर पुढे जावं, डीपीएफच्या आधीच्या कॅटॅलिस्टवर पेटावं आणि जाळी तापवावी, असा हिशेब असतो. पण त्या क्षणी पिस्टन खाली असतो, बोअरची, म्हणजे सिलिंडरची, भिंत उघडी असते आणि आतला दाब उतरलेला असतो. फवाऱ्यातला काही भाग थेट भिंतीवर बसतो. भिंतीवरची ऑईलची फिल्म त्याने धुतली जाते आणि रिंगा ते मिश्रण खरवडून खाली चेंबरमध्ये नेतात. प्रत्येक रिजनला थोडं थोडं.

काही इंजिनांत या कामासाठी सायलेन्सरच्या पाइपमध्ये वेगळं इंजेक्टर असतं. तिथे हा त्रास जवळपास नसतो. छोट्या पिकअपमध्ये मात्र हे काम बहुधा सिलिंडरच्या नोझलकडूनच करून घेतात.

आमच्याच भागात याचा त्रास इतका का?

अमेरिका-कॅनडातले व्हिडिओ पाहून आपल्याकडे समज झाला आहे की हा थंडीचा आजार आहे. तिकडे थंडी हे मोठं कारण आहेच. ठाण्यात कडाक्याची थंडी पडतच नाही. आपल्याकडे कारण आहे कामाची पद्धत.

मार्केटच्या गाडीचा दिवस पाहा. पहाटे भाजी मार्केटच्या गेटवर रांग, इंजिन चालू. माल भरताना इंजिन चालू. मग कोपरखैरणे, नेरूळ, सीवूड्स, दुकानागणिक थांबा, दोन थांब्यांमध्ये जेमतेम दोन-तीन किलोमीटर. ठाण्यात जांभळी नाक्याला माल उतरवणारी गाडी नौपाड्यातून वाट काढत जाते. घोडबंदरला गायमुखपाशी आणि शिळफाट्याला वाहतूक अडली की तासभर पहिला-दुसरा गिअर. काजळी भरपूर तयार होते, धूर थंड राहतो, जाळी लवकर भरते. रिजन सुरू होतं आणि पाच मिनिटांत पुढचं दुकान येतं. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. सोडलेलं डिझेल वाया गेलं, जाळी अर्धवट राहिली. थोड्या वेळाने गाडी पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा डिझेल सोडते, पुन्हा किल्ली बंद.

तीच गाडी कळंबोलीहून पुण्याला रोज जात असती तर रिजन पूर्ण झालं असतं, तेही क्वचित लागलं असतं. म्हणून एकाच महिन्यात घेतलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एकीचं ऑईल वाढतं आणि दुसरीचं वाढत नाही. ज्या गाडीचं वाढतं ती सदोष निघाली, असं लगेच धरून चालू नका.

इंजिन गरम झालं की ऑईलमधलं डिझेल उडून जात नाही का?

फारसं नाही. पेट्रोल हलकं असतं, लांबच्या पल्ल्यात तापलेल्या ऑईलमधून त्याचा बराच भाग उडून जातो. डिझेल साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळतं आणि चेंबरमधलं ऑईल ९० ते ११० अंशांच्या आसपास असतं. उतरलेलं डिझेल बहुतांश तिथेच मुक्काम करतं. बायोडिझेल तर आणखी जड, ते एकदा उतरलं की निघतच नाही. स्वस्त मिळतं म्हणून कुठलंही 'बायोडिझेल' टाकीत ओतणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पातळ झालं तर झालं. इंजिनाचं नेमकं काय बिघडतं?

वरणात पाणी ओतलं की पातेलं भरलेलं दिसतं, पण वरण वरण राहत नाही. ऑईलचं तसंच होतं. चेंबरमध्ये ६ लिटर ऑईल आहे आणि त्यात अर्धा लिटर डिझेल उतरलं, तर मिश्रणात जवळपास ८ टक्के डिझेल झालं. ३० ग्रेडच्या ऑईलचा दाटपणा १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या पट्ट्यात असावा लागतो. ८ टक्के डिझेल मिसळलं की साधारण ११ सेंटिस्टोक्सचं ऑईल त्या पट्ट्याच्या खाली, २० ग्रेडमध्ये घसरतं. डब्यावर ३० लिहिलेलं, इंजिनात २० फिरतंय.

हौद्यात पूर्ण माल, मे महिन्याचं ऊन आणि मुंब्रा बायपासचा चढ अशा वेळी क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलची पातळ फिल्म टिकली पाहिजे. ती फाटली की धातूवर धातू घासतो. टर्बोचा (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो या ऑईलवरच तरंगत असतो, त्यामुळे त्याला झळ लवकर बसते. शिवाय ऑईलमध्ये झीज थांबवणारी, आम्ल मारणारी, काजळी तरंगत ठेवणारी जी रसायनं घातलेली असतात, तीही त्याच प्रमाणात विरळ होतात.

आणि हे सगळं आवाज न करता चालतं. ऑईल प्रेशरचा दिवा बऱ्याच गाड्यांत दाब फारच खाली गेल्यावर लागतो. त्या दिव्याच्या भरवशावर राहू नका.

घरच्या घरी कसं तपासायचं?

गेज काढून. तेवढं नियमाने केलं तरी निम्मं काम झालं. सपाट जागा हवी. मार्केटच्या उतारावर किंवा एक चाक पदपथावर असताना घेतलेलं माप खोटं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, ऑईल खाली उतरू द्या. गेज काढा, स्वच्छ फडक्याने पुसा (सूत निघणारं फडकं नको), पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. मॅक्सच्या खुणेपासून पातळी किती लांब आहे ते पाहा आणि लगेच मोबाइलवर फोटो काढा. दर सोमवारी सकाळी गाडी काढण्याआधी घेतलेला एक फोटो महिन्याभरात सगळं सांगतो.

मग दोन बोटांत थेंब घेऊन चोळा, थेंब थंड झालेला असू द्या. चांगलं वापरलेलं ऑईल काळं असलं तरी बोटांना तुळतुळीत लागतं आणि बोटं विलग करताना किंचित तार धरतं. डिझेल मिसळलेलं पाण्यासारखं निसटतं आणि गेजच्या टोकावरून भराभर ठिबकतं. वास घ्या. डिझेल असेल तर डिझेलसारखाच येतो.

आणखी एक सोपी चाचणी आहे. कोमट ऑईलचा एक थेंब टिपकागदावर किंवा फिल्टर पेपरवर टाकून रात्रभर आडवा ठेवा. मधे काजळीचा काळा डाग राहतो, भोवती ऑईलचं कडं. त्याच्याही बाहेर फिकट, पसरट कडं उमटलं तर डिझेल असण्याची शक्यता मोठी. चाचणी ढोबळ आहे, टक्केवारी तिच्यातून निघत नाही.

काडी लावून पेटतं का बघणारे काहीजण आहेत. तसं करू नका.

पातळी वाढलेली नाही, म्हणजे निश्चिंत?

नाही. इंजिन स्वतः थोडं ऑईल जाळतंच. अर्धा लिटर ऑईल जळलं आणि अर्धा लिटर डिझेल उतरलं, तर गेजवर पातळी हललेली दिसणार नाही आणि ऑईल मात्र पातळ झालेलं असेल. हजारो किलोमीटरमध्ये पातळी केसभरही खाली आली नाही, तर शाबासकी देण्याआधी वास घ्या.

लॅबमध्ये तपासून घ्यावं का?

एकच गाडी असेल तर त्या पैशांत ऑईलच बदला. पाच-सहा गाड्या असतील तर जरूर तपासा, त्यावरून ऑईल कधी बदलायचं हे अंदाजाऐवजी आकड्यांवर ठरवता येतं. रिपोर्टमध्ये १०० अंशांचा दाटपणा आणि फ्यूएल डायल्यूशनची (मिसळलेल्या डिझेलची) टक्केवारी मागा. ही टक्केवारी गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतात, एएसटीएम डी-३५२४ ही त्याची पद्धत. नमुना गरम इंजिनातून, ऑईल सोडताना मधल्या धारेतला, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि झाकण घट्ट लावा. साधारणपणे २ टक्क्यांपर्यंत चिंता नसते, ५ च्या वर गेलं की ऑईल काढायचंच. कंपनीने तुमच्या इंजिनाला वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच धरा.

किती वाढल्यावर गाडी उभी करावी?

मॅक्सच्या खुणेच्या वर स्पष्ट दिसायला लागलं की भाडं घेऊ नका, ऑईल बदला. इथे नुसत्या झिजेपेक्षा मोठा धोका आहे. पातळी खूप चढली की क्रँक ऑईलमध्ये आपटतो, फेस होतो आणि ब्रीदरच्या (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून ऑईल-डिझेलचं मिश्रण टर्बोकडे, तिथून सिलिंडरमध्ये ओढलं जातं. डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं. रेस आपोआप चढत जाते, पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट निघतात आणि किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, कारण ते आता टाकीतल्या डिझेलवर चालतच नसतं.

असं झालं तर घाबरून क्लच दाबून धरू नका, त्याने इंजिन आणखी सुटतं. गाडी उभी असेल तर हँडब्रेक, पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला, टॉप गिअर, आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर गाडीपासून दूर व्हा आणि लोकांनाही दूर करा. हवेच्या पाइपावर हात किंवा फडकं धरायला जाऊ नका. ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याला हे एकदा समोर बसवून सांगा. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

वाढलेलं तेवढं ऑईल काढून मॅक्सवर आणलं तर चालेल का, असंही विचारतात. गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतं चालेल. उरलेलं ऑईल तितकंच पातळ असतं.

डीपीएफचा दिवा लागला आणि अजून चार दुकानं बाकी आहेत. काय करू?

दिवा नुसता पिवळा आणि स्थिर असेल तर अजून वेळ आहे, पण तो आजचा आहे, पुढच्या आठवड्याचा नाही. शक्य तितक्या लवकर गाडी वीसेक मिनिटं न थांबता, एका वेगात पळवा. टॉपमध्ये ढकलण्यापेक्षा एक गिअर खाली ठेवून इंजिन २००० आरपीएमच्या आसपास राहू द्या. तुर्भ्याहून सायन-पनवेल महामार्गाने कळंबोलीपर्यंत, किंवा उरण फाट्यावरून जेएनपीटीच्या दिशेने. ठाण्याची गाडी माजिवड्याहून नाशिक महामार्गाने पडघ्याकडे. दिवसा या रस्त्यांवरही खोळंबा असतो, त्यामुळे रात्री मार्केट भरायला येतानाचा किंवा पहाटेचा मोकळा रस्ता त्यासाठी वापरा. रोजच्या फेऱ्यांत आठवड्यातून एखादी अशी लांब फेरी बसवता आली तर दिवा लागायचंच कमी होईल.

दिवा नसतानाही रिजन चालू असल्याच्या खुणा असतात: उभ्या गाडीची रेस नेहमीपेक्षा किंचित चढलेली, ॲव्हरेज पडलेलं, खालून गरम वास, किल्ली बंद केल्यावरही फिरणारा पंखा. अशा वेळी पोहोचलात तरी लगेच बंद करू नका, जमल्यास आणखी एक चक्कर मारून या.

चेक इंजिनचा दिवाही लागला किंवा ओढ कमी झाली, तर पळवून उपयोग नाही. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून रिजन करून घ्या आणि त्यानंतर ऑईल तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. उभ्या गाडीच्या रिजनमध्येही डिझेल बरंच उतरतं.

मार्केटमध्ये उभ्या उभ्या रिजन केलं तर?

काही गाड्यांत त्यासाठी बटण असतं. जागा पाहून दाबा. आंब्याच्या सीझनमध्ये फळ मार्केटात पेट्या रिकाम्या झाल्या की पेंढा जमिनीवर घोटाभर साचतो, बाजूला पुठ्ठे, गोणपाटं. रिजनच्या वेळी डीपीएफ आणि त्याच्या मागचा पाइप भट्टीइतका तापलेला असतो आणि तो पेंढ्यापासून वीतभर अंतरावर. हाच नियम गवत वाढलेल्या मोकळ्या प्लॉटला. सिमेंटची मोकळी जमीन, मागे माणूस नाही, वर ताडपत्री लोंबत नाही, एवढं बघूनच. बंदिस्त गोदामात अजिबात नाही.

मॅन्युअलमधल्या किलोमीटरप्रमाणे ऑईल बदलतो. पुरेसं नाही का?

मॅन्युअलच्या त्याच पानावर खडतर वापरासाठी वेगळा, कमी आकडा बहुधा दिलेला असतो. मार्केटची गाडी त्यातच मोडते. शिवाय मीटर उभ्या गाडीचे तास मोजत नाही. तासभर आयडलिंग म्हणजे ४० ते ५० किलोमीटर चालल्यासारखं, असा ढोबळ हिशेब ताफेवाले धरतात. रोज दोन तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी महिन्याला मीटरपेक्षा दोन-अडीच हजार किलोमीटर जास्त झिजते. आमचं स्पष्ट मत: फक्त शहरात फिरणाऱ्या डीपीएफ गाडीचं ऑईल आणि फिल्टर नेहमीच्या अंतराच्या निम्म्यावर बदला. ऑईल बदलायला काही हजार लागतात. क्रँक, बेअरिंग आणि टर्बोचं काम निघालं तर खर्च लाखाच्या घरात जातो आणि गाडी घरी बसते ते वेगळंच.

बदलल्यावर स्कॅनरने ऑईलचा काउंटर रीसेट करायला सांगा. बऱ्याच गाड्यांत इसीयू रिजनच्या संख्येवरून ऑईलचं आयुष्य मोजतो. रीसेट राहून गेलं तर नव्या ऑईलवर जुना हिशेब चालू राहतो.

थोडं जाड ऑईल घातलं तर? पातळ होऊन बरोबर येईल ना.

नाही. डिझेल उतरायचं थांबत नाही आणि थंड इंजिनात जाड ऑईल वरपर्यंत उशिरा पोहोचतं. त्याहून वाईट म्हणजे स्वस्त, जुन्या प्रतीच्या ऑईलमध्ये राख करणारी रसायनं जास्त असतात. काजळी जळते, राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते. मग जाळी आणखी लवकर भरते, रिजन वाढतं आणि डिझेलही जास्त उतरतं. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड आणि प्रत, म्हणजे एसीइएचा सी वर्ग किंवा एपीआय सीके-४ (डब्यावर लिहिलेल्या ऑईलच्या प्रती) यांपैकी जे लिहिलंय तेच, पक्क्या बिलासह घ्या.

एकजण म्हणतो डीपीएफ आतून पोकळ करून देतो, कटकट संपेल.

संपत नाही. जाळी काढली तरी इसीयूला ते कळत नाही. तो फॉल्ट दाखवतो किंवा ठरल्या वेळी रिजनचं डिझेल सोडत राहतो. म्हणून मग प्रोग्रॅममध्ये हात घालावा लागतो, आणि तिथे वॉरंटी संपली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा फेरफार करता येत नाही, कलम १९० खाली प्रदूषणासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि तो धूर तुर्भ्यात गाडी भरणारे माथाडीच छातीत घेतात, रोज, तुमच्याच गाडीच्या मागे उभे राहून.

महामार्गावर नियमित चालते, रिजनही पूर्ण होतं. तरी ऑईल वाढतं.

आता मात्र बिघाड शोधायचा. पहिलं, नोझल. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन (इसीयूने डिझेलच्या मापात केलेला फेरफार) पाहा, एक आकडा बाकीच्यांपेक्षा फटकून असेल तर ते नोझल काढून टेस्ट बेंचवर लावा. काही इंजिनांत नोझलची रिटर्न लाइन हेड कव्हरच्या आत असते, तिथला सील गेला की डिझेल थेट ऑईलमध्ये येतं. हाय प्रेशर पंपाचा शाफ्ट सीलही बघा. अशा गळतीत पातळी फार झपाट्याने चढते, ती खूण लक्षात ठेवा.

दुसरी बाजू म्हणजे रिजनच गरजेपेक्षा जास्त होणं. चोक झालेला एअर फिल्टर, टर्बोच्या होजला चीर, अडकलेला इजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), यांनी काजळी वाढते. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) उघडा राहिला तर इंजिन तापतच नाही. डीपीएफच्या प्रेशर सेन्सरची रबरी नळी तडकली तर जाळी रिकामी असूनही भरल्याचं दिसतं. नळीची किंमत किरकोळ असते, तरी तिच्यापायी लोकांनी डीपीएफ बदललेत. दोन रिजनमधलं अंतर स्कॅनरवर दिसतं. ते काही शे किलोमीटर असायला हवं. शंभराच्या आत आलं असेल तर नुसतं ऑईल बदलून गाडी सोडू नका.

ॲडब्लूचा याच्याशी संबंध आहे का?

नाही. ॲडब्लू म्हणजे धूर स्वच्छ करायला सायलेन्सरच्या वाटेत फवारलं जाणारं युरियाचं पाणी. त्याची टाकी वेगळी, काम वेगळं, ते इंजिनात जातच नाही. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर मात्र किल्ली लावू नका, गाडी टो करा.

सीएनजी किंवा पेट्रोल पिकअप घेतली तर?

सीएनजी वायू आहे, तो ऑईल पातळ करत नाही. पेट्रोलवर सुरू होणाऱ्या गाडीत थंड इंजिनाच्या वेळी थोडं पेट्रोल उतरतं, ते चांगल्या लांब फेरीत बरंच उडून जातं. फक्त नोड्स-सेक्टरांत फिरणाऱ्या, रोज पन्नास-साठ किलोमीटरच्या कामाला डिझेल डीपीएफ गाडी मुळातच योग्य नाही, असं आमचं मत आहे. नवी घेणार असाल तर आधी आपल्या फेऱ्या मोजा.

वॉरंटीत बसतं का?

नोझल किंवा पंप सदोष निघाला तर दावा करता येतो. कामाच्या पद्धतीमुळे ऑईल वाढलं तर सहसा हात वर केले जातात. गेजचे तारखेसह फोटो, ऑईलची बिलं आणि प्रत्येक जॉबकार्डवर "ऑईल पातळी वाढते" ही तक्रार लेखी, एवढं जपून ठेवा. तोंडी तक्रारीला पुढे कुणी विचारत नाही.

काढलेलं ऑईल कुठे द्यायचं?

नोंदणीकृत रीसायकलरला माल देणाऱ्या गॅरेजला. कायद्याने तो घातक कचरा आहे. नाल्यात ओतलेलं ऑईल सरळ खाडीत जातं.

सेकंडहँड बीएस-६ पिकअप बघतोय. काय पाहू?

सकाळी थंड इंजिनावर जा. गाडी सुरू करू न देता आधी गेज काढा, पातळी आणि वास पाहा. ऑईल अगदी नवं, सोनेरी दिसलं तर बिल मागा, कारण विकण्याआधी बदललं असेल तर जुनी खूण पुसली गेली. मग स्कॅनर घेऊन जाणारा मेकॅनिक सोबत न्या: शेवटचं रिजन किती किलोमीटरपूर्वी झालं, किती अर्धवट राहिली, डीपीएफमध्ये राख किती, नोझलचं करेक्शन किती. गाडी आधी कोणत्या कामाला होती ते विचारा. नाशिक लाइनला चाललेली दीड लाख किलोमीटरची गाडी, मार्केटात फिरलेल्या साठ हजाराच्या गाडीपेक्षा आम्ही आधी घेऊ.